पेशीतले थेंब : ‘गोल दिसतंय’ याच्या पुढे काय तपासायचं?

थेंबेतळे

मागच्या एका धाग्यावर कुणीतरी पेशीचा फोटो टाकला होता. हिरवे गोल ठिपके दिसले आणि खाली लगेच प्रतिसाद, ‘हे फेज सेपरेशन!’ म्हणून हा वेगळा धागा. परिभाषा कोशात ‘प्रावस्था’ असा सुंदर शब्द आहे, पण प्रयोगशाळेत तो कुणाच्या तोंडी नसतो, तेव्हा इथे फेज सेपरेशनच म्हणू.

आधी मूळ गोष्ट. मायटोकॉन्ड्रियाला, लायसोसोमला पडदा असतो. न्यूक्लिओलसला (केंद्रिकेला) नसतो, तरी तो केंद्रकात ठसठशीत वेगळा दिसतो. काही प्रथिनं आणि आरएनए एका ठरावीक संहतीच्या वर गेले की द्रावणात एकसारखे पसरून राहत नाहीत. दाट थेंब आणि पातळ भोवताल असे दोन भाग पडतात. ही उंबरठ्याची संहती म्हणजे सी-सॅट. उंबरठ्याच्या खाली कितीही वेळ थांबा, थेंब येत नाही. वर गेल्यावर आणखी प्रथिन घाला, तर भोवतालची संहती जवळजवळ तीच राहते आणि थेंबांचं आकारमान वाढतं. हे चोख गणित एकाच प्रथिनाच्या नळीतलं. पेशीत शेकडो घटक एकाच थेंबात असतात, तिथे ते इतकं सरळ चालत नाही.

कल्पना जुनी आहे. ई. बी. विल्सन यांनी १८९९ सालीच पेशीरसाचं वर्णन इमल्शनसारखं केलं होतं. पण मोजमापासकट पुरावा आला २००९ मध्ये, ब्रँगविन आणि हायमन यांच्या कामातून, सी. एलेगन्स कृमीच्या एकपेशीय भ्रूणात. त्यातले पी-ग्रॅन्यूल सुरुवातीला पेशीभर विखुरलेले असतात आणि विभाजनापूर्वी सगळे मागच्या टोकाला सापडतात. समज असा होता की कुणीतरी त्यांना तिकडे वाहून नेतं. प्रत्यक्षात पुढच्या बाजूचे विरघळतात आणि मागच्या बाजूला नवे जमतात. मेक्स-५ हे प्रथिन पुढच्या टोकाला जास्त असतं. ते आरएनए धरून ठेवतं, त्यामुळे तिथे थेंब जमण्याचा उंबरठा वर जातो. माल हलवायला गाडी लागत नाही, एका टोकाला विरघळवणं आणि दुसऱ्या टोकाला जमवणं पुरतं.

एक विनंती : ‘तेल आणि पाणी’ ही उपमा जपून वापरा. इथे दोन्ही बाजूंना पाणीच आहे, थेंबाच्या आतसुद्धा बरंच.

नळीतले प्रयोग, पेशीतले प्रयोग, आकडेमोड, ज्याला जे येतं ते लिहा.

पिपेटवाला_परळ

नळीतलं मी लिहितो. उदाहरण एफयूएस या आरएनए धरणाऱ्या प्रथिनाचं, कारण बहुतेक जण त्यानेच सुरुवात करतात आणि त्यातच फसतात.

एफयूएस एमबीपी टॅगसकट (विरघळायला मदत करणारं जोडप्रथिन) बनवायचं, मध्ये टीईव्ही या कापणाऱ्या एन्झाइमची कापजागा ठेवायची. एमबीपी असेपर्यंत ते बऱ्यापैकी विरघळलेलं राहतं. टीईव्हीने कापलं की थेंब येतात. शुद्धीकरण करताना मीठ चढं ठेवा, १ मोलरपर्यंत, आणि आरनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) द्या. शेवटी २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) बघा. निव्वळ प्रथिनाचं ०.६ च्या आसपास येतं. तुमचं १.० च्या पुढे असेल तर सोबत न्यूक्लिइक आम्ल आलंय आणि तुम्ही मोजताय तो सी-सॅट एफयूएसचा नाही, भेसळीचा आहे. थोडा आरएनए थेंब वाढवतो आणि जास्त आरएनए तेच थेंब विरघळवतो, त्यामुळे भेसळ किती यावर निकाल दोन्ही बाजूंना झुकू शकतो.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. स्टॉक १०० मायक्रोमोलर, ५०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. विद्यार्थी त्यातून १, २ आणि ४ मायक्रोलिटर उचलतो, प्रत्येकी २० पर्यंत बिनमिठाचा बफर घालतो आणि ‘संहतीचा परिणाम’ असा आलेख काढतो. पण प्रथिन ५, १०, २० मायक्रोमोलर होताना मीठही २५, ५०, १०० मिलिमोलर झालं ना! दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि त्या एकमेकींच्या उलट खेचतात. एफयूएसचे थेंब कमी मिठात सहज होतात, मीठ वाढवलं की विरघळू लागतात.

बरोबर पद्धत अशी : शेवटी २० मायक्रोलिटरमध्ये १० मायक्रोमोलर प्रथिन आणि १०० मिलिमोलर मीठ हवंय. स्टॉक २ मायक्रोलिटर, त्यातून मीठ आलं ५०. उरलेले ५० बफरच्या १८ मायक्रोलिटरमधून यायला हवेत, म्हणजे बफरमध्ये साधारण ५५.६ मिलिमोलर. प्रत्येक बिंदूसाठी बफर वेगळा बनवायचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही. बाकी २० मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), पीएच ७.४, १ मिलिमोलर डीटीटी (प्रथिनाचं ऑक्सिडीकरण रोखणारं). डीटीटी त्या दिवशीच ताजं घाला.

ट्रिस हा दुसरा बफर शक्यतो टाळा. त्याचा पीएच दर अंशाला ०.०२८ ने घसरतो. मुंबईत एसी खोलीत २२ अंश आणि बाहेर व्हरांड्यात ३२, म्हणजे दार ओलांडताना पाव एककाहून जास्त फरक. हेपेसचा बदल त्याच्या निम्मा.

आणि एफयूएस बर्फात ठेवू नका!! थंड झालं की त्याचे थेंब वाढतात. ‘प्रथिन आणलं की बर्फात’ ही सवय इतकी मुरलेली असते की स्टॉक प्रयोगाआधीच दुधाळ होतो आणि मग ‘प्रथिन खराब आलं’ म्हणून फेकला जातो. आधी खोलीच्या तापमानाला आणून बघा, निवळला तर काही बिघडलेलं नाही. इलास्टिनसारख्या प्रथिनांचं बरोबर उलटं, ती तापवल्यावर वेगळी होतात. म्हणून आलेखाखाली ‘रूम टेंपरेचर’ लिहू नका, आकडा लिहा. शनिवार-रविवार एसी बंद असतो तेव्हाचं रूम टेंपरेचर आणि मंगळवारचं यांचा काही संबंध नसतो.

गुणिले_शून्य

परळकर, मिठाचं गणित लाखमोलाचं. काचेबद्दल भर घालतो.

साध्या काचेवर थेंब पसरतो, पुरणपोळीसारखा सपाट होतो आणि लोक लिहितात ‘गोल नाही, म्हणजे घट्ट झालाय’. तो काचेला चिकटलाय, बाकी काही नाही. काच आधी झाका : पीईजी-सायलेन सर्वोत्तम, नाहीतर १ टक्का प्लुरॉनिक एफ-१२७ अर्धा तास, तेही नसेल तर बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन). मग बफरने धुवा. आणि उघड्या स्लाइडवर ५ मायक्रोलिटर ठेवून फोकस शोधत बसू नका. एसीच्या झोतात काही मिनिटांत पाणी उडतं आणि मीठ-प्रथिन दोन्ही दाट होतात. दोन बाजूंना दुहेरी चिकटपट्टी, वर कव्हरस्लिप, कडा व्हॅसलिनने बंद. नेलपॉलिश नको, त्यातलं सॉल्व्हंट आत झिरपतं.

आता आकडे. थेंबेतळे यांनी तेल-पाण्याबद्दल बजावलंय त्यामागचं कारण हे : पाणी आणि हवा यांच्यातला पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. पी-ग्रॅन्यूलचा अंदाज १ मायक्रोन्यूटन प्रति मीटर. म्हणजे सत्तर हजार पटींनी कमी! श्यानता साधारण १ पास्कल-सेकंद, पाण्याच्या हजारपट. श्यानतेला पृष्ठताणाने भागा : मायक्रोमीटरमागे १ सेकंद. म्हणून २ मायक्रोमीटरचे दोन थेंब भिडले तर एकरूप होऊन पुन्हा गोल व्हायला काही सेकंद लागतात. बेडकाच्या अंडपेशीतल्या न्यूक्लिओलसची श्यानता याच्या कितीतरी पट जास्त, तिथे हेच काम मिनिटं आणि तास खातं. तेव्हा ‘पाच मिनिटं पाहिलं, मिसळले नाहीत, म्हणून घन’ असा निष्कर्ष काढू नका. आधी किती वेळ थांबायला हवं ते काढा.

दुसरं टोकही आहे. ठिपका २५० नॅनोमीटरच्या आसपास असेल तर साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक त्याला गोलच दाखवणार. चौकोनी असता तरी गोल दिसला असता. तो आकार भिंगाचा आहे, वस्तूचा नाही.

पिपेटवाला_परळ

+१. आणि गढूळपणाच्या आलेखावर, ३४० नॅनोमीटरला मोजलेला असो की ६०० ला, पूर्ण निष्कर्ष टांगू नका. गुठळ्यांनीही द्रावण गढूळच होतं. त्यापेक्षा १६,००० जी वर १० मिनिटं फिरवा, वरच्या निवळीतलं प्रथिन मोजा. एकूण प्रथिन दुप्पट-तिप्पट केलं तरी निवळीतला आकडा तोच राहिला तर तो सी-सॅट. मात्र सेंट्रिफ्यूज प्रयोगाच्याच तापमानाला लावा. तो ४ अंशावर कुणी ठेवलेला असतोच.

खारघरचा_खेकडा

पेशीतलं लिहितो. स्ट्रेस ग्रॅन्यूल (ताण आला की पेशीत जमणारे आरएनए-प्रथिनांचे थेंब) घेऊ, कारण ते हवे तेव्हा आणता येतात.

यू२ओएस पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) काचेवर ६०-७० टक्के भरू द्या. सोडियम आर्सेनाइट ०.५ मिलिमोलर, ३७ अंशावर ३० ते ४५ मिनिटं. भाषांतर (आरएनएवरून प्रथिन बनणं) सुरू करणाऱ्या ईआयएफ-टू-अल्फावर फॉस्फेट बसतो, भाषांतराची सुरुवात थांबते, रायबोसोम उतरून गेलेले एमआरएनए उघडे पडतात आणि जी३बीपी१ हे प्रथिन त्यांना धरून थेंब बांधतं. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करून जी३बीपी१ ची अँटिबॉडी लावा. आर्सेनाइटचं टाकाऊ पाणी वेगळ्या बाटलीत, बेसिनमध्ये नाही.

कंट्रोल म्हणून सायक्लोहेक्झिमाइड ठेवाच, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ते रायबोसोमना एमआरएनएवर जागच्या जागी गोठवतं. उघडा आरएनए मिळत नाही, स्ट्रेस ग्रॅन्यूल विरतात. तुमचे ठिपके तरीही तसेच राहिले तर ते बहुधा स्ट्रेस ग्रॅन्यूल नाहीतच, गुठळ्या असतील.

जिथे सगळे घसरतात ती गोष्ट : प्लाझमिड घालून प्रथिन बेसुमार बनवायचं आणि थेंब दिसले की खूश. संहतीवरच सगळं ठरतं म्हटल्यावर संहती वाढवून थेंब आणण्यात शौर्य ते काय? जनुकाच्या मूळ जागीच टॅग लावा, म्हणजे प्रथिन नेहमीइतकंच बनतं. टॅगही तपासा. साध्या जीएफपीच्या (हिरवं चमकणारं प्रथिन) जोड्या जमतात. ए२०६के बदल असलेला एकेरी प्रकार घ्या, नाहीतर टॅगच चिकटवण्याचं काम करतो.

आणि जिवंत पेशीत जे दिसलं नाही ते फिक्स केल्यावर दिसलं तर ते खरं धरू नका. फिक्सेटिव्हमुळे थेंब उगवतातही आणि नाहीसेही होतात.

साबुदाणा_संध्याकाळ

हेक्सेनडायॉल (थेंब विरघळवायला वापरतात ते अल्कोहोल) राहिलं की. १,६-हेक्सेनडायॉल ५-१० टक्के घाला, विरघळलं तर द्रव, नाही तर घन. इतकं सोपं असताना एवढा खटाटोप कशाला?

खारघरचा_खेकडा

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं, साबुदाणा!

१० टक्के म्हणजे लिटरमागे १०० ग्रॅम. रेणुभार ११८, म्हणजे साधारण ०.८५ मोलर. पेशीला एवढं अल्कोहोल पाजल्यावर पडदे गळू लागतात, कायनेज आणि फॉस्फटेज मंदावतात, क्रोमॅटिन आकसतं. ठिपका गेला तो थेंब विरघळला म्हणून, की त्याला टिकवणारं एन्झाइम बंद पडलं म्हणून? सांगता येत नाही. शिवाय ते मुख्यतः पाण्याला टाळणारे दुबळे बंध सोडवतं. निव्वळ विद्युतभारावर उभे असलेले थेंब त्याला दाद देत नाहीत, आणि ते पूर्ण द्रव असू शकतात.

वापरायचंच असेल तर एक-दोन मिनिटंच, कमीत कमी मात्रेत, शेजारी २,५-हेक्सेनडायॉलचा कंट्रोल, आणि धुतल्यावर थेंब परत येतात का ते बघा. एवढ्यावर ‘द्रव’ असा शिक्का मारू नका.

गुणिले_शून्य

फ्रॅपचीही (ठिपका विझवून चमक परत येते का ते बघणं) तीच गत. ठिपका लेझरने विझवला, चमक परत आली, ‘द्रव सिद्ध’. डीएनएवरच्या पन्नास जागांना प्रथिन चिकटतंय आणि सुटतंय, एवढ्यानेही चमक परत येते.

निदान हे करा : मोठ्या थेंबाच्या मधोमध छोटा गोल विझवा, पूर्ण थेंब नाही. पूर्ण विझवला तर तुम्ही बाहेरून आत येण्याचा वेग मोजता, आतली हालचाल नाही. मग गोलाची त्रिज्या दुप्पट करून पुन्हा मोजा. आत खरंच विसरण चालू असेल तर अर्ध्या परतीचा वेळ चौपट होतो. चिकटणं-सुटणं असेल तर वेळ जवळजवळ तोच राहतो. ठोबळ आकडा हवा असेल तर विसरणांक = ०.२२४ गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले अर्ध्या परतीचा वेळ. १ मायक्रोमीटर त्रिज्या आणि ५ सेकंद असतील तर ०.०४५ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद. पाण्यात मोकळ्या जीएफपीचा हाच आकडा ८७ च्या आसपास असतो, यावरून आतली गर्दी कळते. विरारला जाणाऱ्या सहा-बाराच्या लोकलमध्ये दारातून खिडकीपर्यंत पोचणं आणि रिकाम्या फलाटावर चालणं, तसा फरक. (फलाट रिकामा कधी असतो म्हणा.)

*ठोबळ नाही, ढोबळ. बोटं घसरली.

दादर_पूर्व_दुसरा_मजला

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. धागा उत्तम चाललाय, पण आमच्याकडे ना कॉन्फोकल (लेझरचा महागडा सूक्ष्मदर्शक) ना एफयूएस. साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक आणि एक तास, एवढंच भांडवल. मुलांना डोळ्यांनी दाखवता येईल असं काही आहे का?

थेंबेतळे

आहे की, बाई. जिलेटिन आणि डिंक. १९२९ मध्ये बुंगेनबर्ग दि योंग यांनी ज्याला कोअसर्व्हेशन म्हटलं तेच. जीवाची सुरुवात अशा थेंबांतून झाली असेल असं ओपारिन म्हणत, ते याच जोडीवर. मुलांना ती गोष्टही सांगता येईल.

जिलेटिन केकच्या सामानाच्या दुकानात, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला सहज मिळतं. बिनचवीचं, बिनरंगाचं घ्या. डिंक म्हणजे बाभळीचा, पूड केलेला.

१ ग्रॅम जिलेटिन १०० मिलिलिटर पाण्यात आधी १० मिनिटं फुगू द्या, मग ५० अंशाला गरम करून विरघळवा. दुसऱ्या भांड्यात १ ग्रॅम डिंक १०० मिलिलिटर कोमट पाण्यात. डिंकात काड्या-कचरा असतो, तलम कापडातून गाळून घ्या. दोन्ही ४०-४५ अंशावर ठेवून सारख्या प्रमाणात मिसळा. अजून सगळं जवळपास निवळ दिसेल. आता पांढरं व्हिनेगर थेंब-थेंब, ढवळत. पीएच ४ च्या आसपास आला की भांडं एकदम दुधाळ होतं. तो क्षण मुलांना बघू द्या, हळूहळू होत नाही, उंबरठा ओलांडल्यासारखं होतं. एक थेंब स्लाइडवर, ४० च्या भिंगाखाली : गोल थेंब, एकमेकांत मिसळणारे.

का होतं? त्या पीएचला जिलेटिनवर धन भार आणि डिंकावर ऋण. दोघांच्याही लांब साखळ्यांवर अशा पुष्कळ जागा. एकाला एकच हात असता तर जोडी जमून विषय संपला असता. प्रत्येकाला पुष्कळ हात असल्याने जाळं होतं, पण पकड सैल असल्याने ते वाहतं. पेशीतल्या प्रथिनांचंही मर्म तेच : पुष्कळ हात, सैल पकड.

मग त्याच भांड्यात चिमटी-चिमटी मीठ घाला. थेंब विरघळतात, भांडं निवळतं. मिठाचे आयन मध्ये येऊन दोघांचे भार झाकतात. परळकरांनी वर एफयूएसबद्दल लिहिलंय ते मुलांना चहाच्या पातेल्यात दिसेल.

दादर_पूर्व_दुसरा_मजला

वा! करून बघते. घरी लाडवासाठी आणलेला डिंक चालेल का? आणि रोगांशी याचा संबंध एका वाक्यात काय सांगू?

खारघरचा_खेकडा

रोगाचं मी सांगतो, वाक्य दोन-तीन होतील.

पातळ असलेला थेंब वेळ जाईल तसा घट्ट होऊ शकतो. एफयूएसचे ताजे थेंब काही तासांत चिकट होऊन त्यांतून तंतू फुटतात. एएलएस या चेतापेशींच्या रोगात सापडणाऱ्या जी१५६ई बदलाने हे लवकर घडतं, असं २०१५ मध्ये दिसलं. पार्किन्सनशी जोडलेल्या अल्फा-सिन्यूक्लीनबद्दल आपल्या पवईच्या आयआयटीतल्या समीर माजी यांच्या गटाने २०२० साली दाखवलं की ते आधी द्रव थेंब बनवतं आणि तंतू त्या थेंबांतून पुढे येतात. आणि घट्टपणा नेहमी रोगच असं नाही. बेडकाच्या कोवळ्या अंडपेशीतली बालबियानी बॉडी मुळातच घट्ट असते आणि ते तिच्या कामाचं आहे. थेंब विषाणूही वापरतात. रेबीजच्या निदानात पूर्वी शोधल्या जाणाऱ्या नेग्री बॉडी म्हणजे विषाणूचे द्रव कारखाने, हे २०१७ मध्ये कळलं.

साबुदाणा_संध्याकाळ

सिन्यूक्लीनच्या त्या प्रयोगात पीईजी (द्रावणात गर्दी करणारा पॉलिमर) होतं ना? मग ते नैसर्गिक कसं?

पिपेटवाला_परळ

रास्त शंका. १० टक्के पीईजी-८००० म्हणजे पेशीतल्या गर्दीची नक्कल, पण पीईजी एवढंच करत नाही, काही प्रथिनांना ते थेट बाहेर ढकलतं. म्हणून पीईजीत थेंब आले तर तीन गोष्टी करा : पीईजीशिवाय जास्त संहतीवर बघा, फायकॉल किंवा डेक्स्ट्रान असा दुसरा गर्दी करणारा पॉलिमर वापरून बघा, आणि त्याच पीईजीत बीएसएसारखं भलतं प्रथिन घालून बघा. त्यालाही थेंब आले तर तुमच्या प्रथिनाचं वैशिष्ट्य काय राहिलं? त्या गटाने पेशींतही थेंब दाखवले होते, नुसत्या नळीवर थांबले नव्हते.

एटीपी (पेशीचं ऊर्जा-चलन) घालून बघणाऱ्यांसाठी : पेशीत ते ५-१० मिलिमोलर असतं आणि तेवढ्या मात्रेत काही प्रथिनांचे थेंब विरघळवतं. पण बाटलीतल्या एटीपीचं पाण्यातलं द्रावण आम्ल असतं. पीएच ७ वर न आणता घातलंत तर परिणाम आम्लाचा आणि श्रेय एटीपीला.

थेंबेतळे

बाई, लाडवाच्या डिंकाबद्दल. बाजारात ‘खायचा डिंक’ म्हणून बऱ्याचदा धावड्याचा मिळतो. त्यावरही ऋण भार असतो, पण सगळा विरघळत नाही, गाळून प्रमाण बदलतं. कतिरा डिंक अजिबात नको, तो नुसता फुगून लगदा होतो. खात्रीचा बाभळीचा हवा असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनवाल्यांकडे ‘गम अकेशिया पावडर’ मागा.

दादर_पूर्व_दुसरा_मजला

केलं. पहिल्यांदा दुधाळ झालं, थेंबही दिसले. दुसऱ्या तुकडीला दाखवेपर्यंत तळाशी चिकट थर बसला आणि स्लाइडवर थेंब भिडले तरी मिसळेनात. मीठ घातलं तरी निवळत नाही. वर्गात पंखा फुल, तापमान २८.

थेंबेतळे

थर बसणं ठीक आहे. थेंब जड असतात, तळाशी जमून एक होतात, हलक्या हाताने ढवळा. न मिसळणं जिलेटिनमुळे : ३० अंशाच्या खाली ते थिजायला लागतं, म्हणजे तुमचे थेंब आतून जेली झाले. मीठ विद्युतभाराची पकड सोडवतं, थिजलेल्या जिलेटिनची नाही. भांडं गरम पाण्यात धरून ४० अंशावर आणा, तेच मीठ आता काम करेल. स्लाइडही आधी कोमट करून घ्या.

खरं तर दुसऱ्या तुकडीला जास्त चांगलं दिसलं. शेजारी-शेजारी दोन स्लाइड ठेवा, एक ४० अंशाची आणि एक थिजलेली. दोन्हींत गोल थेंबच दिसतील. कुठली द्रव ते मुलांना ओळखायला सांगा, फक्त बघून.

गुणिले_शून्य

आणि व्हिनेगर जास्त पडलं म्हणून घाबरू नका, व्हिनेगरने पीएच फार खाली जात नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलंत तर मात्र २ च्या खाली डिंकाचा भार जातो आणि थेंब परत विरघळतात. पीएचच्या पट्ट्या नव्या डबीतल्या घ्या, पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी काहीही रंग दाखवते.